सगळ्यात हळू चालणारीला पुढे चालू द्या



येत्या माघात आम्ही आठ जणी धाराशिवहून कुंथलगिरीला चालत जाणार आहोत. येडशी, येरमाळा असा बालाघाटाच्या डोंगरांतून जाणारा रस्ता, रोज साधारण वीस किलोमीटर. जमणारा निधी औषधदानाला. ऐकणारी प्रत्येकजण विचारते, "जमेल का गं तुम्हाला एवढं?" मला वेगळीच काळजी आहे. दमलेली बाई सगळ्यांसमोर "मी दमले" असं म्हणेल का? माझ्या मते संघाची तयारी इथूनच सुरू होते.

निधीसाठी लांब चालण्याचा एक उपक्रम जगभर गाजला आहे, त्याचं नाव ट्रेलवॉकर. १९८१ साली हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून तो सुरू झाला. पुढे ऑक्सफॅम संस्थेने तो अनेक देशांत नेला, आपल्याकडे बंगळुरूला आणि मुंबईजवळही झाला. चौघांचा संघ, १०० किलोमीटर आणि ४८ तास. चौघांनी बरोबर निघायचं आणि बरोबर पोचायचं. ही बरोबर पोचण्याची अट मला फार आवडते. ४८ तास मात्र आपल्या उपयोगाचे नाहीत. त्यात दोन रात्री चालण्यात जातात, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींचा रात्री पाण्याचाही त्याग असतो. पाण्याविना रात्रभर चालणं धोक्याचं. शिवाय चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं, ही ईर्यासमिती दिवसाउजेडीच पाळता येते. म्हणून आम्ही उजाडल्यावर निघणार आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी मुक्कामी जेवून घेणार.

यावर कोणी म्हणेल, कुंथलगिरी म्हणजे देशभूषण-कुलभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना १९५५ साली तिथेच झाली. अशा ठिकाणी जाताना पायाच्या फोडाचं काय कौतुक? पण महाराजांनी दृष्टी मंदावल्यावर, पूर्ण विचार करून, सर्वांसमोर सल्लेखना घेतली होती. तप उघडपणे, नियम घेऊन केलं जातं. दुखणं लपवून फरफटत चालणं याला तप म्हणू नये. सोळाकारण भावनांमध्ये आपण 'शक्तितस्तप' म्हणतो, त्यातला 'शक्तितः' हा शब्द आपण बायका नेमका विसरतो. उपास करायचा तो घरी करा. चालण्याच्या दिवशी आणि लांबच्या सरावाच्या दिवशी उपास नको, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम पाण्याचा. बायका वाटेत पाणी कमी पितात, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. लाजेखातर कोणी बोलत नाही, मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात, लघवीला जळजळतं. म्हणून रस्ता ठरवताना आधी गाडीने जाऊन मंदिर, शाळा, पेट्रोलपंप, ओळखीचं घर अशा सोयी वहीत लिहून घ्यायच्या. दर चार-पाच किलोमीटरला एक तरी जागा हवी. ज्यांना पाळी येण्याची शक्यता आहे त्यांनीही आधीच सांगावं, म्हणजे सोय करता येते. गाळून उकळलेलं पाणी बरोबरच्या गाडीत ठेवायचं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येकीला पाठ हवं. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने टाकायचं नाही.

सराव दिवाळीनंतर सुरू करावा. पर्युषणात दहा दिवस उपास केलेल्यांनाही तोवर अंगात ताकद आलेली असते. आठवड्यात तीन दिवस चार-पाच किलोमीटर आणि रविवारी लांबचं चालणं: आधी आठ, मग बारा, पंधरा, अठरा. दर चौथ्या आठवड्यात कमी चालायचं. गावाजवळच्या लेण्यांची वाट चढउतारासाठी चांगली आहे. महिनाभर आधी शनिवार-रविवार असे सलग दोन दिवस चालून पाहा, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीची असते. शेवटचे दहा दिवस हलकं चालून पायांना विसावा द्या.

बूट कापडी आणि अर्धा नंबर मोठे घ्या, कारण चालून पाय सुजतात. ते सरावातच वापरून मऊ करायचे. घामाने ओले राहणारे सुती मोजे टाळा. टाचेला चुरचुरलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावायची, फोड येण्याची वाट पाहायची नाही. शिदोरीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू पुरतात.

चालताना सगळ्यात हळू चालणारी पुढे, सगळ्यात दणकट बाई शेवटी. उलट केलं तर मागची एकटी पडते. पुढच्या थांबलेल्या असतात तिथे ती धापा टाकत पोचते, आणि तेवढ्यात त्या उठून निघतात. तिला विश्रांती मिळतच नाही.

आता पैशाचं. "किलोमीटरमागे इतके रुपये" असं दान मागू नये, असं माझं ठाम मत आहे. मग गाडीत बसणारी प्रत्येकजण रुग्णाच्या औषधातून पैसे कापल्यासारखी ओशाळते आणि सुजलेल्या गुडघ्याने चालत राहते. दान संघाच्या नावाने, निघण्याआधीच घ्या. म्हणजे उरते फक्त वाट.

शेवटची गोष्ट घरातली. तीन महिने रविवारी सकाळी स्वयंपाक कोण करणार, हे दिवाळीआधीच ठरू दे. पहाटे चारला उठून सगळा डबा करून मग चालायला येणारी बाई आधीच अर्धी दमलेली असते. सासूबाईंना, मुलांना, नवऱ्याला सांगा की तुम्हीही या संघात आहात. औषधदानात त्यांचाही वाटा मोजला जाऊ दे.

आमच्यात अजून दोघींना जागा आहे. वयाची अट नाही, वेगाची नाही. "थांबा गं जरा" एवढं मोठ्याने म्हणता आलं पाहिजे.