वाडींतील प्लॅस्टिक

केळशीच्या एका तरुण बागायतदारानें घरांत प्लॅस्टिकची पिशवी येऊं द्यावयाची नाहीं, असा नेम गेल्या वर्षीं धरिला. बाजारास कापडी थैली निघाली, देवाचीं फुलें केळीच्या पानांत आलीं; तेवढें निभावलें. नेम अडला तो वाडींत. आंब्याचीं कलमें काळ्या पिशवींत येतात. लावतांना ती फाडून बांधावर टाकितात; पावसाळ्यांत पऱ्ह्यानें ती भारजेच्या खाडींत जाते, आणि तेथून, जेथें ऑलिव्ह रिडले कासवें अंडीं घालावयास येतात त्या किनाऱ्यावर. खाद्य समजून कासवें प्लॅस्टिक गिळतात.

त्यानें पोफळीच्या विरीचे द्रोण करून त्यांत रोपें लाविलीं. निम्मे द्रोण पहिल्याच पावसांत उकलले, आणि वडील मंडळींस हंसावयास सांपडलें. आम्हांस तें हंसणें रुचलें नाहीं. राज्यानें २०१८ सालीं प्लॅस्टिकबंदी केली तेव्हां रोपवाटिका व शेती यांस कुजणाऱ्या पिशव्यांची मोकळीक ठेविली. तशी पिशवी मागणारे बागायतदार आम्हांस क्वचितच भेटले. ती महाग पडते, हें खरें. निदान काळ्या पिशव्या मोजून रोपवाटिकेस परत द्याव्या, आणि संस्थेनें कलमें मागवितांना तशी अट आधींच घालावी. मृगास अजून अवकाश आहे.