जुनी मोटार आणि जाणता हात

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहून आलेल्या पुष्कळांची अशी समजूत झाली की, जुनी मोटार राखणे हा राजेरजवाड्यांचा व कोट्यधीशांचाच शौक होय. ही समजूत खरी नाही. आणि सरकारी नियमांवरही तिची छाया पडलेली दिसते, म्हणून तिचा विचार करणे अवश्य वाटते.

जुन्या मोटारी सगळ्याच काही राजवाड्यातल्या नव्हेत. ब्रिटनमध्ये १९६२ साली एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर या दोन छोट्या स्पोर्ट्स मोटारी निघाल्या व दोन्ही १९८० पर्यंत बनत राहिल्या. पहिल्या पाच लाखांहून अधिक, दुसऱ्या तीन लाखांहून अधिक. त्या बेताच्या किमतीत मिळत, कारण त्यांचे पुष्कळसे भाग घरगुती मोटारींतून उचललेले असत. स्पिटफायर ही हेराल्डच्या पोटची. आणि तीच हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनी बनवीत असे. १९५५ च्या एमजीए गाडीतले १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षे बसवलेले इंजिन, ही दोन्ही एकाच घराण्यातली. कार्ब्युरेटर निराळे, थोडी मापे निराळी. पण ज्या मिस्त्रीने आयुष्यभर टॅक्सीची इंजिने उघडली, त्याला एमजीए परकी वाटण्याचे कारण नाही.

थोड्या पैशांत अशी गाडी उभी करावयाची तर क्रम महत्त्वाचा. गाडी झिजलेली असली तरी चालेल, पण अपुरी नको. झिजलेला भाग लेथवर सुधारतो, हरवलेला शोधण्यातच पैसा जातो. एमजीबीला निराळी चॅसी नाही. दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्याच गाडीचा भार वाहतात. त्या गंजल्या असतील तर वरचा रंग व्यर्थ. म्हणून आधी पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन, आणि रंग व चकाकी सर्वांत शेवटी. तंबोऱ्याचा भोपळा तडकलेला असताना जवारी लावीत बसण्यात काय अर्थ! ब्रिटनमध्ये १९८८ पासून एमजीबीचा संपूर्ण सांगाडा जुन्याच साच्यांवरून पुन्हा तयार होऊ लागला. सामान्य माणसाचा छंद तेथे टिकला तो अशा सोयीमुळे.

आता आपल्याकडचे नियम पाहू. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींना स्वतंत्र नोंदणी दिली. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, पुढे नूतनीकरणास पाच हजार. गाडी प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी किंवा दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणावयाची. हे ठीकच झाले. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये, दिल्ली परिसर वगळून, वीस वर्षांवरील मोटारींच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क वाढले: साध्या मोटारीस दहा हजार, आयात केलेल्या मोटारीस ऐंशी हजार. म्हणजे एकोणपन्नास वर्षांची गाडी दंडास पात्र आणि एक्कावन्न वर्षांची आदरास पात्र! मधली तीस वर्षे ती जगवावयाची कोणी, याचे उत्तर नियमांत नाही. धनिकाला ऐंशी हजार जड नाहीत. दर महिन्याला थोडे थोडे वाचवून एकेक भाग बदलणाऱ्या नोकरदाराला ते जड आहेत. त्याची गाडी पन्नाशी गाठण्यापूर्वीच भंगारात जाते.

जुनी गाडी धूर सोडते, हा आक्षेप खोटा नव्हे. रोज धावणाऱ्या जुन्या वाहनांना आळा घालणे योग्यच आहे. पण महिन्यातून एकदोन वेळा निघणाऱ्या, तपासणी झालेल्या मोटारीला त्याच मापाने मोजणे बरोबर नव्हे. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा ही तीस वर्षांची मर्यादा मानते; जर्मनीतही तीसच आहे. आपणही तीस वर्षांपासून, वापरावर बंधन घालून, अशी नोंदणी द्यावी. शिवाय २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व सील खराब करते. त्या बदलणे फार खर्चाचे नाही; पण कोणत्या बदलावयाच्या हे सांगणारा मिस्त्री हवा.

खरी चिंता त्या मिस्त्रीचीच आहे. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर उरला नाही, अँबॅसडरही २०१४ साली बंद झाली. दरबार गेले तरी आमचे गाणे राहिले, ते मध्यमवर्गीय घरांतून शिकणारे मिळाले आणि त्यांच्यामुळे वाद्ये दुरुस्त करणाऱ्यांना काम मिळाले म्हणून. मोटारीचेही तसेच आहे. नियम मूळ इंजिन व मूळ चॅसी तपासतात. ते उघडून पुन्हा जुळवणाऱ्या हाताची मात्र कोठेच नोंद होत नाही. छंद सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेला की त्या हाताला काम उरत नाही. आणि हात गेल्यावर राजवाड्यातली गाडी तरी कोण चालू करणार?