विश्लेषण : जुन्या पिकअपचे सुटे भाग घेताना ‘ओरिजिनल की लोकल’ एवढेच विचारून का भागत नाही?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे नाव बाहेरच्यांना तलाव, डोंगर आणि पक्ष्यांमुळे ठाऊक आहे. परिसरातील रोजची ने-आण मात्र पिकअपवर चालते. धानाचे कट्टे खरेदी केंद्रावर किंवा राइस मिलला न्यायचे, खताची पोती आणायची, मासळी बाजारात पोहोचवायची, लग्नसराईत मंडपाचे सामान वाहायचे, ही सगळी कामे बोलेरो पिकअप, टाटा २०७, ‘छोटा हत्ती’ किंवा दोस्त अशा गाड्या करतात. यातील अनेक गाड्या जुन्या असतात, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या असतात. अशी गाडी बिघडली की तिरोडा किंवा गोंदियाच्या दुकानात एकच प्रश्न विचारला जातो : ओरिजिनल देऊ की लोकल? या प्रश्नातच फसगतीचे मूळ आहे.

बाजारात नेमका किती प्रकारचा माल?

दोन नव्हे, चार. पहिला वाहन कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला. महिंद्रा किंवा टाटाचे नाव, पार्ट नंबर आणि होलोग्राम असलेला. दुसरा, वाहन कंपन्यांना भाग पुरवणाऱ्या उत्पादकांचा, पण त्यांच्या स्वतःच्या डब्यातला. वाहन कंपनी गाडीतला प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. इंजेक्टर आणि फिल्टर बनवणारी बॉश (जुने मिस्त्री अजूनही तिला ‘मायको’ म्हणतात), शॉकॲब्सॉर्बर बनवणारी गॅब्रिएल, बेअरिंग बनवणारी एसकेएफ, ब्रेकचे भाग बनवणारी ब्रेक्स इंडिया, स्टार्टर-अल्टरनेटर बनवणारी लुकास टीव्हीएस अशा उत्पादकांचा माल कारखान्यात गाड्यांना बसतो आणि दुकानातही मिळतो. बॉशचा नाशिकचा किंवा एसकेएफचा चिंचवडचा कारखाना तर महाराष्ट्रातलाच.

तिसरा प्रकार स्वतंत्र उत्पादकांचा. हे उत्पादक कुठल्याही वाहन कंपनीला माल पुरवत नसतील, पण स्वतःच्या नावाने, स्वतःचा पत्ता छापून विकतात. त्यात उत्तम, मध्यम आणि टाकाऊ असे सगळेच आहे. तरी हा धंदा पूर्ण कायदेशीर आहे. चौथा प्रकार नकली मालाचा. दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचा डबा, आत कुणाचा तरी माल. नाव-गाव नसलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला मालही याच पंगतीत बसतो.

दुकानात ‘लोकल’ म्हटले की दुसरा, तिसरा आणि चौथा असे तिन्ही प्रकार एकाच टोपलीत पडतात. त्यामुळे दोन बाजूंनी नुकसान होते. चांगला आफ्टरमार्केट माल घेणारा उगाच धास्तावतो आणि नकली माल घेणारा ‘लोकलच तर आहे’ म्हणून निर्धास्त राहतो. म्हणून खरे विचारायचे प्रश्न दोन. या भागामागे नावानिशी उभा राहणारा कुणी आहे का? आणि हा भाग रस्त्यात निकामी झाला तर काय होईल?

काटकसर कुठे करावी, कुठे नाही?

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून भागांचे तीन गट पडतात.

पहिल्या गटात ब्रेक, स्टीअरिंग आणि चाक धरून ठेवणारे भाग. ब्रेक शू, पॅड, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, ब्रेकचा होज पाइप, ब्रेक ऑइल, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग आणि टायर. हे निकामी झाले तर गाडी फक्त थांबत नाही, ती कुणाच्या तरी अंगावर जाते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या रस्त्यांवर रात्री अचानक रानडुक्कर किंवा नीलगाय आडवी येते. कट्ट्यांनी भरलेली पिकअप तेव्हा किती अंतरात थांबते, हे ब्रेकच्या लायनरवर ठरते. मालवाहू पिकअपमध्ये माणसे बसवण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही लग्नाच्या आणि रोवणीच्या दिवसांत मागे किती माणसे उभी असतात, हे सर्वांना माहीत आहे. या गटात पहिल्या दोन प्रकारांखेरीज काही घेऊ नये. नव्या गाडीवरील इतर खर्च टाळता येईल, हा टाळू नये.

दुसऱ्या गटातले भाग निकामी झाले तर जीव जात नाही, पण इंजिन जाते. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, इंजिन ऑइल, वॉटर पंप, टायमिंगचे भाग आणि क्लच यांत मोडतात. नकली डिझेल फिल्टरचा कागद विरळ असतो. पाणी आणि बारीक कचरा पुढे जातो आणि इंजेक्टर खराब होतात. फिल्टरमध्ये वाचलेले पैसे इंजेक्टरच्या कामात कितीतरी पटीने जातात. इथे दुसरा प्रकार उत्तम. तिसऱ्या प्रकारातला नावाजलेला, वॉरंटी देणारा उत्पादकही चालतो.

तिसऱ्या गटात दरवाजे, बंपर, मडगार्ड, मागचा फाळका, आरशाची चौकट, सीट, फ्लोअर मॅट. इथे स्वस्तातला माल घ्यायला हरकत नाही. भंगारातून निघालेला चांगला दरवाजा नव्या पातळ पत्र्याच्या दरवाजापेक्षा टिकाऊ असू शकतो. मात्र भंगारातून ब्रेकचे किंवा स्टीअरिंगचे भाग आणू नयेत. त्यांची झीज आणि आतली तडे डोळ्यांना दिसत नाहीत.

स्वस्त भाग खरेच स्वस्त पडतो का?

समजा, ब्रेक शूचा एक सेट ९०० रुपयांना मिळतो आणि १५ हजार किलोमीटर चालतो. दुसरा १५०० रुपयांना मिळतो आणि ४० हजार चालतो. पहिल्याचा खर्च हजार किलोमीटरला ६० रुपये, दुसऱ्याचा साडेसदतीस. त्यात प्रत्येक वेळी ड्रम उघडण्याची मजुरी आणि बुडालेली एक दिवसाची भाडी धरा. धान खरेदीच्या हंगामात एक दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर वाचवलेले ६०० रुपये सकाळीच संपतात. गरीब मालकाला महाग भाग परवडत नाही, असे नेहमी म्हटले जाते. खरे तर कमी टिकणारा भाग वारंवार घेणे त्यालाच सर्वांत कमी परवडते. पैसे खरोखरच कमी असतील तर तिसऱ्या गटातली कामे पुढे ढकलावीत. चेपलेला दरवाजा आणखी एक पावसाळा काढू शकतो, झिजलेला लायनर नाही.

डबा उघडण्याआधी काय पाहावे?

सर्वांत आधी आरसी पुस्तिका. जुन्या पिकअपचे एकाच नावाचे मॉडेल वर्षानुवर्षे बदलत गेले. देशभर बीएस-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यामुळे एकाच नावाच्या दोन पिकअपमध्ये इंधन पंपापासून फिल्टरपर्यंत फरक असू शकतो. ‘बोलेरो पिकअपचा फिल्टर द्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही. चेसिस नंबर, बांधणीचा महिना-वर्ष सांगून पार्ट नंबर जुळवून घ्यावा. चांगला भाग चुकीच्या गाडीला बसवला तर तो नकली भागाइतकेच नुकसान करतो.

त्यानंतर डबा. त्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक हवा. वेष्टनबंद मालाबाबतच्या २०११ च्या नियमांनुसार हे छापणे बंधनकारक आहे. अक्षरे पुसट, स्पेलिंग चुकलेले, होलोग्राम स्टिकरसारखा सहज निघणारा असेल तर डबा परत द्यावा. अनेक उत्पादकांच्या डब्यावर क्यूआर कोड असतो. बेअरिंगसाठी एसकेएफचे स्वतंत्र पडताळणी ॲपही आहे. टायरवर आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे आहे. काच घेतानाही ते पाहावे.

ब्रेक ऑइल नेहमी सीलबंद छोट्या बाटलीतच घ्यावे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट-३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर त्यासाठी १४० अंशांची किमान मर्यादा धरली जाते. उतारावर ब्रेक तापले की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल खाली जाते. दुकानातल्या उघड्या डब्यातून ओतून दिलेले ऑइल म्हणूनच धोक्याचे. शिवाय एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर एकाच वेळी, एकाच बनावटीचे बदलावेत. नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

मिस्त्रीवर विश्वास ठेवावा की नाही?

ठेवावा, पण व्यवहार उघड असावा. बहुतेक मालक भाग स्वतः विकत घेत नाहीत, मिस्त्री आणतो. काही दुकाने त्याला कमिशन देतात आणि ज्या मालात कमिशन जास्त, तो पुढे सरकतो. मिस्त्रीचा दोष काढून यातून मार्ग निघत नाही. मजुरीवर घासाघीस केली की तो मालावरच कमावणार. मजुरी रास्त द्यावी, भाग बिलासह वेगळा घ्यावा आणि दोन गोष्टी मागाव्यात : काढलेला जुना भाग आणि नव्या भागाचा डबा. एवढ्यानेच निम्मी फसवणूक बंद होते. डब्याचे व लेबलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत आणि वॉरंटी संपली की डबा फाडून टाकावा. रिकामे अस्सल डबे नकली माल भरण्यासाठी पुन्हा वापरले जातात.

बिल न घेण्यात खरेच बचत आहे का?

‘बिल नको असेल तर कमी लावतो’ हे वाक्य नेहमीचे. एकेकाळी त्याला मोठे आमिष होते, कारण बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के दर लागू झाला. हजार रुपयांच्या भागावर २८० ऐवजी १८० रुपये कर. हे १८० रुपये वाचवताना मालक वॉरंटी, परताव्याचा हक्क आणि पुरावा असे तिन्ही गमावतो. बिलावर पार्ट नंबर आणि उत्पादकाचे नाव लिहून घ्यावे. नुसते ‘ब्रेक शू १ सेट’ असे बिल वादाच्या वेळी फारसे कामाला येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अस्सल असल्याचा खोटा दावा करून विकलेल्या वस्तूला ‘बनावट वस्तू’ म्हटले आहे. गाडी धंद्याची असली तरी मालक ती स्वतः चालवून पोट भरत असेल, तर कायदा त्याला ग्राहक मानतो. तक्रार राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मग सगळी जबाबदारी मालकाचीच का?

नसावी. आज मात्र ती तशीच आहे. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. एमएच-३५ च्या कार्यालयापासून रस्त्यावरच्या तपासणीपर्यंत प्रत्येक जण कागद मागतो तो चालकाकडे. ज्या काउंटरवरून नकली ब्रेक शू विकला गेला, तिथे कुणी जात नाही. कायदा अपुरा आहे, असेही नाही. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणाऱ्याला १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. केंद्राने अधिसूचित केलेला सुरक्षेचा महत्त्वाचा भाग निकषांत बसत नसताना विकल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे.

कमतरता आहे ती दुकानाच्या दारापर्यंत पोहोचणाऱ्या तपासणीची. परिवहन विभाग, वैधमापन विभाग आणि पोलिसांनी धान खरेदी सुरू होण्याआधी तिरोडा-गोंदियातील दुकानांत ब्रेक आणि स्टीअरिंगच्या भागांची संयुक्त तपासणी केली, तरी मोठा फरक पडेल. तोवर मालकांच्या हातातही काही आहे. गावातील चार-पाच पिकअपमालकांनी मिळून फिल्टर, ऑइल आणि ब्रेक लायनर अधिकृत वितरकाकडून एकदम घेतले तर दर उतरतो, बिल मिळते आणि दुकानदारही जपून वागतो.

सरकारी मालकीच्या वाहनांना १५ वर्षांची मर्यादा आहे. गावातील खासगी पिकअप मात्र फिटनेस मिळत राहील तोवर धावणार, कारण नवी घेण्याची ऐपत सगळ्यांची नाही. जुनी गाडी चालवणे हा गुन्हा नाही आणि कमीपणाही नाही. तिच्या ब्रेकमागे कुणाचे नाव आहे, हे मात्र मालकाला माहीत असायला हवे. पुढच्या वेळी दुकानदाराने ‘ओरिजिनल की लोकल’ विचारले, तर ‘कुणी बनवला आणि बिलावर लिहून देणार का’ असे उलट विचारावे.