चेतापेशींवरील खूण आणि कोल्हापूरपुढचा प्रश्न

उंदराच्या चिमुकल्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी असतात. भीती, तहान किंवा एखाद्या जागेची ओळख अशा प्रत्येक अनुभवाच्या वेळी त्यांतील थोड्याच पेशी विशेष कार्यरत होतात. या पेशी नेमक्या हेरून त्यांच्यावर टिकाऊ खूण करण्याचे तंत्र गेल्या दोन दशकांत विकसित झाले. त्याने मेंदूविज्ञानाला नवी दिशा दिली. त्याचबरोबर महानगरांबाहेरच्या विद्यापीठांपुढे एक प्रश्नही उभा केला.

या तंत्राचा पाया 'सी-फॉस' हे जनुक आहे. चेतापेशी जोमाने कार्यरत झाली की काही मिनिटांत ते जागे होते आणि तास-दीड तासात त्याचे प्रथिन पेशीत साठते. १९८७ मध्ये हे जिवंत प्राण्यांच्या मज्जासंस्थेत दिसून आले आणि मेंदूचे काप रंगवून कार्यरत पेशी मोजण्याची पद्धत रूढ झाली. परंतु काप घ्यायचे तर प्राण्याला मारणे भाग असते. साहजिकच काल जागी झालेली पेशी आज पुन्हा जागी होते काय, हे या पद्धतीने सहजासहजी कळत नाही.

यावरचा तोडगा जनुकीय कळीने काढला. २००७ मध्ये मार्क मेफर्ड यांच्या गटाने सी-फॉसच्या कळीला खूण करणारे जनुक अशा रीतीने जोडले, की खाद्यात डॉक्सिसायक्लिन असेपर्यंत खूण होत नाही आणि ते थांबवले की होऊ लागते. २०१३ मध्ये लिक्वुन लुओ यांच्या गटाने 'ट्रॅप' ही पद्धत मांडली. तिच्यात टॅमॉक्सिफेन टोचल्यानंतरच्या मर्यादित काळात कार्यरत असलेल्या पेशींवर कायमची खूण होते. आणखी एक मार्ग विषाणूंचा. ॲडेनो-संलग्न विषाणू जनुकाचे वाहन म्हणून वापरला जातो. मात्र त्यात जेमतेम ४,७०० अक्षरांएवढाच जनुकीय मजकूर मावतो, म्हणून त्यासाठी आटोपशीर कळी घडवाव्या लागल्या.

तरीही खूण म्हणजे पुरावा नव्हे. काही पेशी कार्यरत होऊनही सी-फॉस जागे करीत नाहीत. शिवाय खूण झालेली पेशी त्या अनुभवाचे कारण असेलच असे नाही. २०१२ मध्ये सुसुमू टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने खूण केलेल्या पेशी प्रकाशाने चेतवल्या, तेव्हा उंदीर सुरक्षित जागीही भीतीने थिजले. कार्यकारणाचा दावा बळकट झाला तो या दुसऱ्या पायरीने.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच जातीची जनुकीय कळ वापरली. हेतू मात्र खूण करण्याचा नव्हता, तर पेशी चेतवण्याचा होता. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत अग्रमेंदूतील उत्तेजक चेतापेशी औषधाने वारंवार चेतवलेले उंदीर मोठेपणी अधिक चिंताग्रस्त वागले. बालपणातील ताण आणि मनोविकार यांचा संबंध समजून घेण्यास असे संशोधन उपयोगी पडते.

कोल्हापूरचा प्रश्न येथेच येतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र आहे, जैवतंत्रज्ञानही आहे. पण अशा प्रयोगांना जनुकबदल केलेले उंदीर, अतिशीत साठवण, जैवसुरक्षा समितीची संमती आणि प्राणिप्रयोगांची परवानगी असा मोठा डोलारा लागतो. प्रत्येक विद्यापीठाने तो स्वतंत्रपणे उभारावा, ही अपेक्षा अवास्तव ठरेल. जनुकबदल केलेल्या उंदरांसाठीची एक राष्ट्रीय सुविधा पुण्याच्या आयसरमध्ये आहे. सुमारे २३० किलोमीटरचे हे अंतर रस्त्याने फार नाही. ते प्रशासकीय कागदांत वाढू नये, एवढीच दक्षता हवी.

तोवर जुनी सी-फॉस रंगवण्याची पद्धत कमी लेखण्याचे कारण नाही. तिला मुख्यतः काप करण्याचे यंत्र, प्रतिपिंडे आणि चांगला सूक्ष्मदर्शक लागतो. नव्या तंत्राने केलेल्या खुणाही अनेकदा तिच्याच आधारे तपासल्या जातात. विद्यार्थ्याने प्रथम नीट मोजायला शिकावे आणि पुढच्या प्रयोगासाठी सामायिक सुविधेचे दार त्याला उघडे मिळावे. या दोन गोष्टी जुळल्या, तर मेंदूविज्ञान मुंबई-पुण्यापुरते मर्यादित राहणार नाही.