खर्ज कानात, मास्तर निवांत

वाचकहो, छत्री, शेगडी, शिलाई यंत्र, मनगटी घड्याळ अशा कितीतरी वस्तूंची पारख आपण वर्षभर या सदरात केली. दिवाळी अंकासाठी जरा घसघशीत काहीतरी द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा माझ्या मनात मिक्सर होता. पण मध्यंतरी आमच्या घरातच अशी एक गोष्ट घडली की मिक्सर राहिला बाजूला, आणि या पंचाहत्तरीत मी महिनाभर हेडफोनच्या मागे दुकाने धुंडाळत फिरलो.

आमची नात कॉलेजात शिकते आणि बेस गिटार वाजवते. नेहमीच्या गिटारला सहा तारा, हिला चार. त्याही दोरखंडासारख्या जाड. नेहमीच्या गिटारपेक्षा हिचा सूर एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला अवघी ४१ वेळा कंप पावते, म्हणजे माणसाचा कान ऐकू लागतो त्या उंबरठ्यापासून फार लांब नव्हे. पूर्वी हे काम माणसाच्या उंचीचे उभे वाद्य करीत असे. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ते गळ्यात अडकवण्याजोगे करून बाजारात आणले, तेव्हापासून जगभरच्या वाद्यवृंदांचा पाया या चार तारांवर आहे. गाणे ऐकताना बेसकडे कुणाचे लक्ष जात नाही. तो मधेच थांबला, तर मात्र जिन्याची पायरी चुकल्यासारखे होते.

आमचे बिऱ्हाड लालबागच्या एका जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. जमीन लाकडी तुळयांवरची. पहिल्या मजल्यावर आमच्या बरोबर खाली एक निवृत्त मास्तर राहतात. एका रात्री ते जिना चढून वर आले, खुर्चीच्या कडेवर टेकले, चहा नको म्हणाले.

"पोरीला रागवू नका हं," त्यांनी आधीच बजावले. "वाजवते ते चांगलंच वाजवत असेल. पण हिला रात्री झोप नाही हो. गोळीनं जरा डोळा लागतो, तोच छातीत धडधडल्यासारखं होतं म्हणते."

मास्तरीणबाईंची हृदयाची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

खाली फक्त धडधडच का जावी, याचा उलगडा मला पुढे झाला. ४१ कंपनांच्या सुराची हवेतली लाट सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे २७ फूट. आमची खोली लांबीला १५ फूट! किनरा आवाज भिंतीने बराचसा अडतो. खर्ज भिंतीला फारसा जुमानत नाही. त्यातून ध्वनिवर्धकाचा खोका जमिनीवर ठेवलेला, म्हणजे तुळयाच थरथरणार. वर आम्हांला गाणे ऐकू यायचे आणि खाली नुसती कांडणाची उखळ.

नातीने आतून सारे ऐकले होते. मास्तर गेल्यावर ती न बोलता बाहेर आली, खोक्याची वायर काढून गुंडाळून ठेवली. पुढचे आठ-दहा दिवस ती गिटारचे लाकडी टोक सागवानी कपाटाला टेकवून, कपाटाला कान लावून वाजवीत बसे. ही युक्ती वाईट नाही बरे का. लाकूड घुमते आणि थोडाफार सूर मिळतो. पण मान अवघडते, आणि खर्ज काही येत नाही. दिवाळीनंतर तिच्या कॉलेजची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. एका सकाळी ती म्हणाली, "आजोबा, मी नाव काढून घेते. सरावाशिवाय उभं राहून बाकीच्यांना बुडवायचं कशाला?"

आता काय म्हणावे? वर्षभर परक्या लोकांना शहाणपण विकणारा मी, आणि घरच्या पोरीने माघार घ्यायची! "चार दिवस थांब," मी म्हटले, आणि टोपी घातली.

पहिल्याच फेरीत मी गाढवपणा केला. दिसायला देखणा, वायर नसलेला हेडफोन घेऊन आलो. वायरीत पाय अडकायला नको, हा माझा हिशेब. नातीने तार छेडली आणि तिचा चेहरा पडला. बोट आत्ता पडते आणि आवाज मागाहून येतो! या ब्लूटूथच्या पद्धतीत आवाजाची पुडी बांधायची, हवेतून धाडायची, पलीकडे सोडायची, यात सर्वसाधारणपणे सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा जातो. गाणे ऐकायचे असेल तर बिघडत नाही; सारेच सारख्या उशिराने येते. पण मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. तिचा पाचवा हिस्सा चुकला तर लय उरली कुठे? वाद्यांसाठी मुद्दाम केलेली, उशीर न करणारी बिनतारी साधने मिळतात, पण ती वेगळी आणि महाग. तेव्हा वाचकहो, सरावासाठी हेडफोन वायरीचाच घ्या. तो देखणा हेडफोन हल्ली आमच्या घरी बातम्या ऐकायला वापरला जातो.

दुसरी गोष्ट मला ठाऊकच नव्हती. गिटारच्या भोकात हेडफोनची पिन थेट खुपसून भागत नाही. एक तर भोक पाव इंची आणि पिन बारीक. दुसरे, तारांखालच्या चुंबकातून निघणारा विद्युत्प्रवाह इतका क्षीण की हेडफोन त्यावर पुटपुटतोसुद्धा नाही. मधे एक छोटा वर्धक लागतो. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, गिटारलाच टोचायचा असा मिळतो. कित्येकांत मोबाईलमधले गाणे सोडायलाही जागा असते, म्हणजे साथीला वाजवता येते. ज्यांच्याकडे ध्वनिवर्धकाचा खोका आहे त्यांनी आधी तो खोका नीट न्याहाळून पाहावा. हेडफोनचे भोक बहुधा तिथेच असते, आणि पिन घातली की खोका आपोआप गप्प होतो. आमच्या खोक्याला ते नव्हते. असायचे कसे? तो जुन्या बाजारातला.

आता खुद्द हेडफोनची निवड. दुकानात दोन जाती दाखवतात. एकीची पाठ जाळीची, उघडी. दुसरीची बंद, वाटीसारखी. जाळीवाल्याचा आवाज मोकळा वाटतो, जाणकार त्याची तारीफ करतात. पण त्यातून आवाज बाहेर सांडतो आणि खालचा खर्ज बहुधा पातळ पडतो. आपल्याला बंद पाठीचाच हवा, आणि कानावर टेकणारा नव्हे, कान पुरता आत घेणारा. मोबाईलबरोबर मिळणाऱ्या जुन्या बोंडांवर नातीने आधी प्रयत्न केला होता. त्यांत सूर कळतो, पण वजन कळत नाही. याचे कारण गमतीचे आहे: मूळ ४१ चा सूर जवळजवळ गायब असला, तरी त्याच्यावरचे ८२, १२३ वगैरे उपस्वर ऐकून आपला मेंदू खालचा सूर स्वतःच कल्पून घेतो. कुठले बोट चुकले एवढे समजायला ते पुरे. तार किती जोराने छेडली ते समजायला मुळीच पुरे नाही.

खर्जाचा सगळा खेळ गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर आहे. एवढीशी फट राहिली तरी खर्ज आधी पळतो. चष्म्याची दांडी, कानातले डूल, केसांची बट, सगळे त्याचे चोरदरवाजे. आमची नात चष्मा लावते. पहिल्या दुकानात एक सुंदर हेडफोन तिला अगदी कोरडा वाटला. दुकानदार म्हणाला, मालच तसा आहे. मी तिला चष्मा काढायला सांगितले, आणि खर्ज आला! म्हणून चष्मेवाल्यांनी मऊ, जाड गादीचा पाहावा, चष्म्यासकट वीस मिनिटे घालून बसावे. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्यावे. (गादी बदलून मिळते का, हेही त्याच तोंडाला विचारून घ्यावे. दोन पावसाळ्यांत तिची साल निघते.)

खोक्यावर २० ते २०,००० हर्ट्झ असे छापलेले असते. पाचशेच्या मालावर तेच आणि पन्नास हजारांच्या मालावरही तेच. त्या वीसपाशी आवाज किती उरतो हे लिहीत नाहीत, तेव्हा तो आकडा वाचून सोडून द्यावा. ओहमचा आकडा मात्र पाहावा. एकच हेडफोन कधी ३२ ओहमचा, कधी २५० ओहमचाही मिळतो. काड्यापेटीएवढ्या वर्धकाला २५० ओहमचा ओढत नाही. आवाज मरतुकडा येतो. ३२ ते ८० च्या आसपासचा घेतला की झाले. आणि 'जादा बेस' अशी जाहिरात असेल तर दुरून नमस्कार. तो १०० च्या आसपासचा भाग फुगवून दाखवतो. घरी हात हलका पडतो, आणि मंडळींत वाजवायला गेले की आपला आवाज कुठे गेला म्हणून शोधत बसावे लागते.

एवढे करून आम्ही बंद पाठीचा, वायरीचा, ३२ ओहमचा, काळा आणि जरा बोजडच असा एक हेडफोन घेतला. पण माझ्या मनात दुसरीच धास्ती होती.

१९६८ पासून १९८२ च्या संपापर्यंत मी गिरणीत, साचेखात्यात होतो. शंभर डेसिबलच्या आसपासचा तो कल्लोळ. आम्ही हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून बोलत असू. तेव्हा कानात कापूस घालणाऱ्याला हसत असत. हसणाऱ्यांत मीही होतो. अशा गोंगाटाने आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकू येणे जाते. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, आणि बायकांच्या नि पोरांच्या बोलण्यातले स, फ, त. आमच्या घरी मला सगळे दोनदा सांगावे लागते. दुसऱ्यांदा सांगतानाचा सूर काही गोड नसतो.

हेडफोनने शेजाऱ्याचा कान वाचतो, वाजवणाऱ्याचा वाचेलच असे नाही. खर्ज ऐकण्यात माणसाचा कान मुळातच मंद. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवले. मधल्या पट्टीतला एखादा हळू सूर आणि ४० हर्ट्झचा सूर सारख्याच आवाजाचे वाटायला हवे असतील, तर खालच्याला पन्नासेक डेसिबल जास्त द्यावे लागतात. म्हणून बेसवाल्याचा हात सारखा बटणाकडे जातो. खर्ज ऐकू येईना की तो वाढवतो, आणि त्याबरोबर साथीचे गाणे, झांजा, तारेवरचा फटका, सगळेच वाढते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालेल, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८९ ला फक्त ५ तास. नात रोज दोन तास वाजवते. घट्ट बसणारी गादी एवढ्यासाठी पाहायची की बटण न वाढवता खर्ज मिळावा. बाकीच्या गुणांत तडजोड करा, यात नको.

हे सारे मी तिला सांगितले. तिने मान हलवली. विसाव्या वर्षी मीही हलवीत असे.

मग परीक्षेची रात्र. ती वर वाजवू लागली आणि मी खाली मास्तरांच्या खोलीत जाऊन बसलो. बाई पलंगावर पडलेल्या. मास्तर छताकडे पाहत होते. माझ्या कानांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनाच विचारले, "काही येतंय?"

"येतंय," मास्तर संकोचून म्हणाले. "अगदी बारीक. टक्, टक्, टक्."

धावत वर गेलो. खोका बंद, वायर जागच्या जागी, आणि नात डोळे मिटून पायाने ताल देत होती! टाच लाकडावर पडत होती. जुनी गोधडी चौघडी करून तिच्या पायांखाली सारली, पुन्हा खाली आलो. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवले. बाईंचा डोळा लागला होता.

त्या रात्री नातीने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि जाड तार छेडली. शिट्टी नि घंटा कधीच्याच हरवल्या, पण तो खर्ज मला पुरता ऐकू आला, अगदी तळापासून, पहिल्याच वेळी.

"मोठा करू का, आजोबा?" तिने विचारले.

नको म्हटले. आमच्या घरच्या आरशावर चिकटवलेली एक लाल टिकली काढली आणि वर्धकाच्या बटणाशी लावली. यापुढे काटा न्यायचा नाही, असा करार झाला. स्पर्धेतले नाव कायम आहे. सराव रोज चालू आहे. परवा तिच्या नकळत पाहिले, तर टिकली सूतभर पुढे सरकली होती. मी ती मूळ जागी लावून ठेवली आहे.