नोबेल मिळालं, पार्किंग मिळालं!

कालच्या व्हिडिओत बर्कलेच्या पार्किंगचा विषय घाईत उरकला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमध्ये प्राध्यापकांनाही गाडी लावायला पैसे भरून परमिट घ्यावं लागतं. आणि परमिट घेतलं म्हणजे जागा मिळेलच असं नाही, बरं का! उशीर झाला की फिरा गोल गोल. पण तिथल्या प्राध्यापकाला नोबेल मिळालं, की 'एनएल' पाटीची राखीव जागा मिळते. २०२० मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना यांनाही ती मिळाली.

काही जण म्हणतील, हा भेदभाव झाला. मला तसं वाटत नाही. जागा कमी असेल तर ती कोणाला द्यायची हे आधी ठरवून पाटी लावलेली बरी. नाहीतर जो आधी येतो, त्याची होते.

माझ्या पहिल्या दुकानात हेच झालं. सकाळी सगळ्यात आधी मीच यायचो, त्यामुळे दारासमोर दिवसभर माझीच स्कूटर. बाजूला कामावरच्या पोराची बाईक. एक काकू नेहमी रिक्षाने यायच्या, गुडघे दुखायचे त्यांचे. रिक्षा दाराशी लागेना, म्हणून त्या पुढच्या दुकानात जायला लागल्या. मला कळलं सहा महिन्यांनी, तेही त्यांच्या मुलाकडून! 'फक्त ग्राहकांसाठी' ही पाटी करायला २०० रुपये लागले. काकू काही परत आल्या नाहीत.

तुमच्या दुकानासमोर आत्ता कोणाची गाडी आहे? बघून या आणि कमेंटमध्ये लिहा.