अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह?

इलेक्ट्रिक गिटार घेताना हा प्रश्न हमखास येतोच! अ‍ॅक्टिव्ह पिकअपला ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअ‍ॅम्प असतो. म्हणून लांब केबलमध्येही ट्रेबल मरत नाही. अंधेरीच्या जॅमरूममध्ये फुल गेनवर मेटल वाजवायचंय? डोळे झाकून ईएमजी ८१ घ्या.

पण बोरिवलीच्या वन बीएचकेत रात्री हळू आवाजात ब्लूज वाजवणार असाल, तर माझं मत पॅसिव्हला. बोटांचा हलका-जड स्पर्श त्यात जसाच्या तसा उतरतो. अ‍ॅक्टिव्हमध्ये तो मला सपाट वाटतो. घरघरीची भीती? १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन उलट कॉइल जोडून हमबकर काढला तो त्यासाठीच, आणि तोही पॅसिव्हच!

तरी अ‍ॅक्टिव्हच घेतलंत, तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. नाहीतर बॅटरी उतरत राहते, आणि ऐन सोलोत... असो!